पाइप वेल्डरची ऑफर आणि एक प्रश्न

मागच्या शनिवारी सावली गावी आत्याकडे गेले होते. निवांत जेवायचं आणि संध्याकाळच्या बसने चंद्रपूरला परतायचं, एवढाच बेत... पण ताट वाढायच्या आधीच आत्याने मोबाइल हातात दिला. प्रफुलला परदेशात नोकरी लागली होती.

प्रफुल माझा आतेभाऊ. आयटीआय करून वेल्डर झाला, चार वर्षं गावातच रफीकभाऊंच्या वर्कशॉपमध्ये गेट, ग्रिल, ट्रॉल्या बनवतो. हात चांगला आहे त्याचा. हे बहीण म्हणून म्हणत नाही... पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे तपासणं हीच माझी नोकरी आहे.

ऑफर आखातातल्या रिफायनरीची. पद पाइप वेल्डर, राहणं-जेवण कंपनीचं. सोमवारी नागपूरला जाऊन मूळ पासपोर्ट एजंटच्या माणसाकडे द्यायचा, की दहा दिवसांत विमान. काम सोडतोय असं त्याने रफीकभाऊंना सांगूनही टाकलं होतं.

मी मोबाइलवरचं ते ऑफरचं पत्र दोनदा वाचलं. कंपनी एवढी मोठी, पण ईमेल फुकटच्या खात्यावरचा. पहिल्या पानावर वेल्डर, दुसऱ्या पानावर फिटर. आणि व्हिसा 'व्हिजिट', म्हणजे फिरायला जाणाऱ्याचा... त्यावर तिथे काम करता येत नाही. पकडला गेला तर गुन्हा त्याचाच, आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात.

परदेशात कामगार पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची सरकारी यादी ऑनलाइन बघता येते. तिथे शोधलं, या एजंटचं नाव नव्हतं. एकेक गोष्ट त्याला क्रमाने दाखवली. माझ्या मते विषय संपला होता... त्याच्या मते नव्हता.

त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. ईमेल एजंटचा आहे, कंपनीचा नाही. फिटर ही टायपिंगची चूक. व्हिसा तिकडे गेल्यावर बदलून मिळतो, एजंट सरांनी सांगितलंय. यादी जुनी असेल.

शेवटी चिडलाच. "ताई, तू हरेक गोष्टीचा एक्स-रे काऊन काढून राह्यली? मी इथी जिंदगीभर गेटच बनवू का?"

प्रश्न रास्त होता. आत्या म्हणाली, आधी जेवून घ्या.

जेवताना मी विचारलं, इंटरव्ह्यूत टेस्ट कसली घेतली? टेस्ट नव्हतीच. पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यात वय, उंची आणि पासपोर्टचा नंबर.

मी त्याला आठवण करून दिली. रफीकभाऊंनीसुद्धा पहिल्या दिवशी त्याला दोन लोखंडी अँगल जोडायला लावले होते आणि जोड हातोड्याने ठोकून पाहिला होता. तेही गेटासाठी... रिफायनरीच्या पाइपसाठी कोणालाच काही बघावंसं वाटलं नाही?

आता प्रफुललाही ते खटकलं. मी म्हटलं, सरांना फोन लाव आणि एकच विचार. टेस्ट सिक्स जीमध्ये होणार का?

जे वेल्डर नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सिक्स जी ही वेल्डिंगची एक पोझिशन आहे. पाइप पंचेचाळीस अंशात तिरपा बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकून, बसून जोड पूर्ण करायचा. पाइप वेल्डरची भरती करणाऱ्याला हा शब्द माहीत नसेल, तर तो भरती करतच नाही.

फोन स्पीकरवर ठेवला. सर हिंदीत बोलत होते, फार प्रेमाने. प्रफुलने विचारलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"अरे, उसकी टेन्शन मत लो. वहाँ अभी फाइव्ह जी चल रहा है, सिक्स जी भी आ जाएगा. कॅम्प में वायफाय फ्री है."

प्रफुल मोबाइलवर वाकला. मग हळूच म्हणाला, सर, मैं पाइप का पूछ रहा हूँ. पलीकडून "कौन सा पाइप?" आलं आणि त्याने फोन कापला. मी सांगितलं नव्हतं... त्याने स्वतः कापला.

आत्याला काही कळेना. तो तिला म्हणाला, "आई, त्याले वेल्डिंगमधलं काहीच समजत नाई." आवाजात राग कमी आणि तुच्छता जास्त होती. मला फार बरं वाटलं.

लगेच त्याने आयटीआयच्या बॅचच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. ज्या एजंटले सिक्स जी म्हणजे नेटवर्क वाटते, त्याले पासपोर्ट देऊ नोका. हसण्याच्या इमोजींमध्ये दोघांचे फोन आले... तेच पत्र, तेच सर. मूल गावचा एक जण तर सोमवारी याच्यासोबतच नागपूरला निघणार होता. तिघांचेही पासपोर्ट आज घरीच आहेत. पत्र, नंबर, स्क्रीनशॉट पोलिसांकडे दिलेत.

प्रफुल मला बसस्टँडवर सोडायला निघाला, वाटेत वर्कशॉप लागतं. प्रफुलला बघून रफीकभाऊ म्हणाले, "काऊन बे, एवढ्या लवकर परत आला? येताना खजूर तरी आणायचे."

सगळं ऐकल्यावर मात्र हसले नाहीत. भंगारातून पाइपाचे दोन तुकडे काढले, स्टँडवर तिरपे बांधले आणि प्रफुलला म्हणाले, कर सुरू. मी बससाठी निघाले तेव्हा तो त्या पाइपाखाली अर्धा आडवा होऊन जोड लावत होता.

कागद तपासाच... ईमेल, व्हिसा, एजंटची नोंदणी, सगळं. पण मी दाखवलेल्या एकाही कागदाने प्रफुलचं मन बदललं नाही. ते बदललं, कारण त्याला त्याचं काम येतं. एवढं पक्कं काम शिकवलंत, त्याबद्दल रफीकभाऊ, मनापासून आभार.

त्याला जायचंच आहे. जाईलही. टेस्ट देऊन, कामाच्या व्हिसावर, पासपोर्ट स्वतःच्या खिशात ठेवून.