मॉनिटरवरच्या फोटोत आण्णा नव्हते

हे लिहू की नको, यावर मी बरेच दिवस अडले होते. मी बी.एस्सी. फिजिक्सवाली. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू बिनधास्त ओलांडणारी, कुणाच्या अंगात आलं की हसू दाबणारी. या सदरातले अनुभवसुद्धा मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचायचे. पण हा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला आणि तोही भर दुपारी... त्यामुळे अंधाराला किंवा अर्धवट झोपेला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

२००६ सालची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर, खाली आण्णांचं — म्हणजे माझ्या वडिलांचं — कापड दुकान. मी घरीच लग्नाचे अल्बम डिझाईन करून द्यायचे. त्यासाठी एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता. चालायचा बरा, पण स्क्रीन पिवळट पडलेली. चांगली गोरीपान नवरी कावीळ झाल्यासारखी दिसायची. म्हणून मोठ्या पोटाचा एक जुना मॉनिटर आणला. लॅपटॉपच्या मागं केबल लावायची, कीबोर्डवरची दोन बटणं दाबायची, की जे लॅपटॉपवर दिसतंय तेच मॉनिटरवर. एवढं साधं काम.

त्या रविवारी माझ्या भावाच्याच लग्नाचा अल्बम करायला बसले होते. लग्न आमच्या गावी, नेसरीला झालेलं. घरच्यांचा ग्रुप फोटो उघडला. मधोमध नवरा-नवरी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आण्णा. केबल लावली, मॉनिटर उजळला... आणि त्यात आण्णा नव्हते.

बाकी सगळे जागच्या जागी. आण्णा उभे होते तिथं मात्र माणसाच्या आकाराची एक फट, आणि त्या फटीतून मागचा मांडव दिसत नव्हता. दुसरीच जागा दिसत होती. रंग उडालेलं निळं दार, शेजारी विटांची भिंत, आणि चौकटीला हात लावून उभी असलेली एक म्हातारी बाई. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

मी लॅपटॉपकडे मान वळवली. तिथं आण्णा हसत उभे. पुन्हा मॉनिटरकडे बघितलं — बाई.

ड्रायव्हर गंडलाय, असं मी स्वतःला समजावलं. मेमरी कमी पडली असेल, दुसऱ्या कुठल्यातरी फोटोचा तुकडा अडकून बसला असेल. रीस्टार्ट केलं. तेच. शेजारच्या सायबर कॅफेतून मॉनिटर मागून आणला. त्यावरही तेच! आणि असलं दार, असली बाई असलेला फोटो माझ्याकडे कधी आलाच नव्हता. मी आईला हाक मारली.

आई पदराला हात पुसत आली, बघितलं आणि मॉनिटरच्या अगदी जवळ सरकली.

"अगं बाई... ह्या शांताक्का!"

शांताक्का म्हणजे आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. तिनं जातीबाहेरच्या एका विणकराशी लग्न केलं, तेव्हा आजोबांनी तिच्या नावानं आंघोळ केली. घरात तिचं नाव काढायचं नाही, फोटो ठेवायचा नाही. आई नवी नवरी असताना आत्या एकदा चोरून मागच्या दारानं येऊन गेली होती, तेवढीच तिची आणि आईची ओळख. आजोबा गेल्यावर आण्णांनी शोध घेतला, पण तोवर तिचं बिऱ्हाड कुठल्या कुठं गेलं होतं.

"कशावरून म्हणतेस?" मी विचारलं.

"हनुवटीवरचं गोंदण बघ की!"

आमचा आवाज ऐकून आण्णा आले. "खुळ्या झालाय काय दोघी?" म्हणत वाकले आणि तसेच थिजले. त्यांनी मॉनिटरच्या काचेला बोट लावलं.

मला ते बघवेना. मी केबल उपसली. तसे आण्णा ओरडले, "लाव! लाव परत ते!"

लावली. पण आता बाई उभी नव्हती. उंबऱ्यावर बसली होती, डोकं चौकटीला टेकलेलं, डोळे मिटलेले.

तो व्हिडिओ नव्हता हो. एक साधा फोटो होता, महिन्यापूर्वी काढलेला!

"ही भिंत..." आण्णा म्हणाले. भिंतीवर अर्धवट पुसलेली मोराची जाहिरात होती. "ही इचलकरंजीतली भिंत हाय. माल आणाय जाताना दर खेपेला हिच्यावरनं जातोय की गं मी... गाडीची चावी आण."

आम्ही तिघंही निघालो. इचलकरंजीत एका बोळाच्या तोंडाशी आण्णांनी गाडी लावली. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. मोराची भिंत मागं टाकून वळलो, तर समोर निळं दार. आणि उंबऱ्यावर ती. फोटोत होती तश्शीच, डोकं चौकटीला टेकून. अंग तापानं फणफणलेलं.

आण्णांनी खांद्याला हात लावला. तिनं डोळे उघडले आणि आण्णांवर चक्क रागावलीच.

"बाळू, किती येळ झाला दारात उभा हायस! आत ये म्हटलं तर येत न्हाईस, बोलत न्हाईस..."

"अक्का, मी आत्ता आलोय गं."

"आत्ता? मग सकाळधरनं ह्यो कोण हुता?"

आण्णा सकाळपासून घरीच होते. चहा मी स्वतः नेऊन दिला होता.

तिला न्यूमोनिया झाला होता. नवरा केव्हाच वारलेला, मूलबाळ नाही. अजून उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरी झाल्यावर आण्णा तिला आमच्याकडेच घेऊन आले. पुढची काही वर्षं आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज आत्याचा असायचा.

दवाखान्यातून परत आल्यावर मी तोच फोटो, तोच मॉनिटर लावून बघितला. आण्णा जागेवर होते. नंतर शेकडो वेळा लावला, काही झालं नाही. इंजिनिअर झालेल्या मैत्रिणीला दाखवला. तिनं व्हिडिओ मेमरी, खराब केबल असं बरंच सांगितलं. मी म्हटलं, सगळं कबूल, पण इचलकरंजीचं दार त्या मेमरीत आलं कुठून?

आत्याला मात्र मी एकदा विचारलं होतं. "कुणीतरी दारात मुकाट उभं, हाकेला ओ देत नाही... तुला भीती नाही वाटली?"

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "भ्या कशाचं? इतक्या वर्षांनी म्हायेरचं माणूस दारात आलतं. ते खरं हाय का खोटं, ते कशाला बघत बसू?"