पाय काढला की फुटणारी गाडी

अन्याय झाला तो एका बैलावर. गेल्या गळीत हंगामात, सोमवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, कळस गावाच्या अलीकडे कॅनॉलच्या पुलाजवळ. करणारी मी. पत्रकात 'अज्ञात इसम' लिहून मोकळं होता येतं, पण स्टिअरिंग माझ्याच हातात होतं.

आठवडाभर आधी मी बारामतीच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होते : कर्कश सायलेन्सर बंद करा. मजकूर माझाच. एक पत्रक माझ्या धाकट्या चुलतभावाच्या हातात पडलं. त्याच्याकडे काळी जर्मन सेडान आहे, पुण्याहून जुनी आणलेली. आत मऊ चामडं, सीट गरम करायचं बटण. बारामतीत, जिथं मार्चपासून सीट फुकटात तापते. एवढ्यावर भागेना म्हणून त्यानं इंजिनाचा प्रोग्रॅम बदलला, सायलेन्सर बदलला. याला 'स्टेज टू' म्हणतात. स्टेज थ्रीला बहुतेक पंख फुटत असावेत.

"ताई, तू चालवलीस का कधी? का न चालवताच छापतीस?"

मुद्दा बिनतोड होता. पुरावा गोळा करायला म्हणून मी बसले. खोटं आहे हे. मला बसायचंच होतं.

आणि गाडी भारी होती, हेही छापते. पाय नुसता टेकवला की पाठ सीटला चिकटायची आणि दोन्ही बाजूंचा ऊस मागं पळायचा. मी मोठ्यानं हसत होते. माझ्या सगळ्या पत्रकांशी एका झटक्यात बेइमानी. भाऊ शेजारी बसून सासूसारख्या सूचना देत होता : खड्डा, गतिरोधक, खड्डा. गाडी जमिनीपासून जेमतेम वीतभर. गतिरोधक आला की एवढी मोठी ताकदवान बया तिरकी होऊन बोटबोट सरकायची, आणि मागून दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल आम्हाला टाकून पुढं जायची.

पुलाजवळ उसाची बैलगाडी दिसली. वर मोळ्या, मोळ्यांवर एक बाई, पुढं कासरा धरलेला तिचा नवरा. मी शहाण्यासारखं केलं. जवळ पोचताच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

तीच चूक. ही गाडी वेग घेताना नुसती गुरगुरते, फुटते ती पाय काढल्यावर. पैसे देऊन तसं करून घेतात. मागून लागोपाठ पाच-सहा बार निघाले, अगदी बैलांच्या शेजारून जाताना.

बैल उधळले. बैलगाडी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीकडे कलंडली, उजवा बैल गुडघ्यांवर डांबरावर आपटला. बाई मोळ्यांसकट खाली घसरली, उठली आणि साडीही न झटकता त्याच्याकडे धावली. मी पुढं जाऊन थांबले. भाऊ म्हणाला, काच खाली करू नको, चल. मी उतरले.

नवऱ्यानं जू सोडवलं तरी बैल उठेना. नुसता थरथरत होता. हे जोडपं बीडकडून तोडीला आलेलं. उसाची गाडी दोन बैलांची असते. एक बसला की हंगामच बसला. बाईनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आदी ती बंद कर."

आमची गाडी मागं गुरगुरतच होती. भाऊ म्हणाला, "दोन मिनटं थांब, टर्बो तापलाय. एकदम बंद केली तर खराब हुतोय." मी मागं जाऊन बटण दाबलं. भावाचं तोंड असं झालं की जणू गुडघे त्याचेच फुटलेत.

आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळानं बैलानं एक पाय टेकवला, मग दुसरा. उभा राहिला, पण त्या काळ्या गाडीजवळून जाईना. चालू करून पुढं न्यावी तर पुन्हा तोच आवाज. मग भावानं, मी आणि बाईच्या नवऱ्यानं ती स्टेज टू ढकलत शेताच्या वाटेवर नेली. भाऊ सारखा सांगत होता, बोटांचे डाग पडतील.

मी जनावरांचा डॉक्टर आणला. गुडघे सोललेत, खांदा दुखावलाय, आठ दिवस जुवाला लावायचा नाही, असं तो म्हणाला. मग खाडा त्यांच्या माथी नको म्हणून मी बाईबरोबर त्यांच्या मुकादमाकडे गेले आणि चूक माझी म्हणून सांगितलं. मुकादम मलाच समजावू लागला, बैलच भित्रा होता.

"भित्रा न्हाई," बाई म्हणाली. "सहा वर्षं वढतोय. त्याला बंदुकीची सवय न्हाई एवढंच."

नवव्या दिवशी तो जुवाला लागला. पण हंगाम संपेपर्यंत गाडीचा आवाज आला की थबकायचा, मग नवऱ्याला उतरून त्याच्या तोंडाशी उभं राहावं लागायचं. भावानं सायलेन्सर बदललेला नाही. म्हणतो, ताई, तू पाय हळू काढायला पाहिजे होतास.

वाचणाऱ्या, तुझ्याकडे अशी गाडी असेल तर आज गॅरेजला जा आणि मूळचा सायलेन्सर परत बसव. तोवर बैलगाडी दिसली तर लांब थांब, इंजिन बंद कर आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बसून राहा.