तीन नळ्यांची हवाई

पांढुर्ण्यात फटाके वळणारे चारदोन होते, पण आभाळात जाणारी हवाई म्हटली की चिंधूचीच. कपाशीच्या पऱ्हाटीचा कोळसा, सोरा, गंधक कुटायचा, कागदाच्या वीतभर नळीत ठासायचा अन् तोंडाशी मातीचं बारीक भोक ठेवायचं. सौसरच्या जत्रेत ती सुटली का लोकं मान अवघडेपर्यंत वर पाहत.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात जत्रेचे कारभारी भगवंतराव त्याच्या ओसरीवर येऊन बसले.

"चिंधू, औंदा पाण्याच्या टाकीच्या वरून गेली पाह्यजे गा. नाई तं नागपूरवाला बोलावतो मी."

चिंधूनं भंगारातून लोखंडाची जाड नळी आणली. दारू जास्त मावली का जोर जास्त, असा त्याचा हिशोब. त्याच्या बायकोनं, अंबाबाईनं, ती पाहिली अन् हातातलं सूप खाली ठेवलं. मागं अशाच लोखंडानं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती.

"दोनानं भागलं नाई का जी? बाकीचे आठ कोणासाठी ठेवले?"

आठ दिवस नळी तशीच पडून. नवीन करावी तं हात जाते, न करावी तं जत्रा जाते.

तेवढ्यात अरविंद मास्तर पेपर घेऊन आले. देशाचा अग्निबाण मार्चात समुद्रात पडला होता, त्याचं चित्र होतं.

"हे पाय चिंधू. पहिल्यापेक्षा मोठं यान केलं, पण खालची मोटर जुनीच ठेवली. तशाच दोन अजून बाजूले बांधल्या."

"जुन्याच?"

"जुन्याच. बाजूच्या जळल्या, मधातली पेटलीच नाई. म्हणून पडलं."

चिंधू चित्रावरून बोट फिरवत राहिला. "एवढे मोठे लोकं, मास्तर... तेही असेच बसले असतीन का, नवीन करावं का नाई करावं म्हणून?"

त्यानं कागदाच्याच तीन नळ्या बांबूच्या कमचीला बांधल्या अन् तिघींच्या तोंडात एकच वात फिरवली.

भर दुपारी जाम नदीच्या कोरड्या रेतीत हवाई रोवली. भगवंतराव छत्री धरून उभे, शेजारी मास्तर. अंबाबाई पाठ करून. वात पेटली. दोन नळ्या फुरफुरल्या, तिसरी गप्प. हवाई कलली. अन् तिसरीनं पेट घेतला.

पांढरी रेघ सरळ वर निघाली. पलीकडच्या सावरगावच्या झाडांवरून, उडत्या घारींवरून, बारीक होत होत उन्हात विरून गेली. आवाज मागून आला. अंबाबाई केव्हा वळली, तिलाही कळलं नाही.

"बाप्पा! पडली कोठं?" भगवंतराव.

"पडली नाई अजून." चिंधू.

"जत्रेत तूच, गा."

चिंधूचं लक्ष नव्हतं. "मास्तर, त्या समुद्राकडच्या लोकाईले एक कार्ड टाका ना. सांगा, तिघीले वात एकच ठेवा म्हणा."

मास्तर हसले नाहीत. तेही वरच पाहून राहिले होते.