घासलेल्या टाचा

“ऊठ रे. ह्या खुर्चेर रापणकार बसनत नाय.”

पवित्र गुरुवार होता. मालवणच्या किनाऱ्यावरचं आमचं चर्च गच्च भरलेलं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाद्री त्या संध्याकाळी बारा पुरुषांचे पाय धुतात. बाराही खुर्च्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदार घरांच्या. त्या वर्षी त्यांच्यातला एक तापाने पडला. नव्या पाद्रींनी रविवारीच मला सांगून ठेवलं, “तुम्ही बसा.”

मी चार दिवस टाचा घासल्या. नारळाच्या सोडणाने. किनाऱ्यावरून रापणीचं, मासेमारीचं लांबलचक जाळं ओढून ओढून त्यांची खरबरीत कालवं झालेली. आई म्हणाली, “पायांचा लगीन ठरला काय रे?” ठरलंच होतं म्हणा. नवरदेवाला मांडवातून हाकललं, एवढंच.

हाकलणारे थोरले भाटकार, चर्चच्या मानकऱ्यांच्या लाल झग्यातले. मी हसलो. भीतीनेच.

“बाब, येशूचो पयलो शिष्य सांत पेद्रू काय करी? जाळाच ओढी मां?”

“तो सांत. तू कोण?”

मी पाद्रींकडे पाहिलं. ते हातातल्या तांब्यात बघत होते. “त्यांची रीत आहे,” पुटपुटले. “आज वाद नको.”

उठलो. कोरडे पाय घेऊन मागच्या खांबापाशी गेलो. आम्ही सगळे रापणकार तिथेच उभे असू. डोकं भणभणत होतं. येशूने कमरेला पंचा बांधला तेव्हा कोणाचं घराणं विचारलं होतं? ही रीत देवाची की भाटकारांची? आणि मी गाढव! विश्वास होता ना जवळ? मग खुर्चीसाठी टाचा कशाला सोलल्या?

ख्रिस्तप्रसादाची, पवित्र भाकर घेण्याची वेळ झाली. तिथेही रीत. आधी लाल झगे, मग बाकीचे, शेवटी आम्ही. माझे पाय चालू लागले. सरळ वेदीपाशी. सगळ्यांच्या आधी गुडघे टेकले.

“रांग बघ!” थोरले भाटकार ओरडले.

“माझो इस्वास रांगेत रवना नाय, बाब.”

पाद्रींचा हात हवेत थांबला. मग त्यांनी भाकर माझ्या जिभेवर ठेवली.

पुढच्या वर्षी भाटकारांचा निरोप आला. तुला खुर्ची दिली. तुला एकट्याला.

मी उलट निरोप धाडला, “एक पाय धुवन दुसरो चिखलात ठेवचंय नाय.”

चर्च सोडलेलं नाही. का सोडू? खांबामागे आता उभा राहत नाही, आणि रापणीवरच्या शेवटच्या माणसाला खुर्ची मिळेपर्यंत बसणारही नाही. दर रविवारी वेदीपाशी आधी आम्हीच, आता सगळे रापणकार, गुडघे टेकतो.

बघू, कोण ऊठ म्हणतं.