चन्नबसप्पांचा उखाणा

जळकोटच्या बाजारात चन्नबसप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाची भांडी घ्यायला अर्धा तालुका तिथंच जातो आणि त्याचं कारण भांडी नव्हेत. तीच पातेली, तेच डबे उदगीरला थोडे स्वस्तच मिळतात, हे चन्नबसप्पाही नाकारत नाहीत. कारण आहे गंगम्मा. दुकानात आतल्या बाजूला, डब्यांच्या उतरंडीशेजारी पाट टाकून चन्नबसप्पांची बायको बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात डाळ. बाहेर चन्नबसप्पा बारक्या मशीननं भांड्यांवर नावं टाकत असतात, टर्रर्र टर्रर्र, आणि आत डाळीतले खडे निवडत गंगम्मा नवरीला उखाणा करून देते. फुकट आणि ताजा.

तिचा एक नियम आहे. एका नवरीला एक उखाणा, आणि तो दुसरीला द्यायचा नाही. "उष्टं ताट कुणाला वाढतात का?" असं ती विचारते. कुणी पुस्तकातला चांदीच्या वाटीचा नाहीतर जाईजुईच्या वेलीचा उखाणा घेऊन आली, की गंगम्मा तो नीट ऐकून घेते आणि म्हणते, "तुझ्या घरी जाईचा वेल हाय का गं?" नसतोच. मग नव्यानं सुरुवात होते.

सुरुवातीचा प्रश्न ठरलेला. "त्याला पहिल्यांदा बघितलंस तवा तो काय करत होता?"

मागच्या माघात ऋतुजा नावाची मुलगी आली होती. तिला धर्माबादला दिलेली, नवरा मिरचीच्या आडतीवर. ती म्हणाली, "अम्मा, काय करणार? बघायला आले आन् एकसारखे शिंकत होते. कपड्यातच मिरची बसलेली." सगळे हसले. गंगम्मानं सूप एकदा पाखडलं आणि म्हणाली, घे:

धर्माबादच्या मिरचीचा ठसका लागला घशात,
सत्यमराव शिंकले आन् येऊन बसले मनात.

वीज मंडळाच्या लाइनमनला दिलेल्या एकीला तिनं सांगितलं होतं:

वीज गेली सांजंला, अंगणी पडलं चांदणं,
भागवतराव खांबावर, माझं खाली नांदणं.

आणि एक पोर तर आल्यापासून नुसती रडतच होती. दिलेलं गाव आडवळणाचं, पाण्याचे हाल, घरात बाईमाणूस कुणी नाही. तिला उखाण्याचं सुचत नव्हतं आणि तिच्या आईला तिची समजूत घालता येत नव्हती. गंगम्मानं सूप खाली ठेवलं. मग पोरीच्या पदराला बोरीचा काटा अडकला होता, तो काढत म्हणाली:

बांधावरल्या बोरीला कोण घालतं पाणी?
बसवंतरावांच्या घरी रुजंन मी तिच्यावाणी.

पोरीनं डोळे पुसले. चन्नबसप्पांनी त्या दिवशी मशीन बंद केलं आणि उगीचच एक परात फडक्यानं पुसत बसले. आपली बायको थोर आहे, असं त्यांना तेव्हा वाटलं. ते वाटणं त्यांनी तिला कधी सांगितलं नाही, कारण भांड्यांच्या दुकानात असल्या गोष्टी सांगायची रीत नसते.

लोकांना वाटायचं की बाई आभाळाकडे बघत असेल, देवळात ध्यान लावत असेल. छे! आभाळाकडे बघायला तिला सवड नव्हती. शटरच्या डब्यात चिमणीनं घरटं केलं की त्यातून एक उखाणा निघे. नळाला पाणी आलं की एक. शेजारच्या म्हशीनं कुणाचा धुतलेला टॉवेल चघळला, त्यातूनही एक निघाला होता आणि तो एका डॉक्टरच्या बायकोनं लातूरच्या मोठ्या कार्यालयात माइकवर घेतला होता. "डोळ्यापुढं हाय ते उचलायचं," एवढंच ती सांगायची. शिवाय मराठी ही काही तिच्या आईची भाषा नव्हे. ती भालकीकडची. माहेरी सगळं कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीतलं 'हाव' आणि 'न्हाई' एवढंच येत होतं, आणि तेही कुठं कुठलं वापरायचं याची खात्री नव्हती.

आता चन्नबसप्पांच्या दुखण्याचं बोलतो.

तालुक्यातल्या एवढ्या जावयांना गंगम्मानं एकेक उखाणा दिला, पण स्वतःच्या नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की ती चाळीस वर्षं एकच उखाणा घेत आली. हळदीकुंकू असो, बारसं असो, पोराचं लग्न असो, हाच:

लिंबावर बसला कावळा, खाली ठेवली घागर,
चन्नबसप्पांचं नाव घेते, आता सोडा पदर.

आता मला सांगा, हा काय उखाणा झाला? घागर आणि पदर, हे यमक आहे? बरं, मंगल कार्यात पोपट असतो, मोर असतो, गेला बाजार चिमणी असते. यांच्या नशिबी कावळा. आणि पदर सोडा म्हणते, तर पदर कुणी धरलेलाच नसतो. बायका हसून हसून लोळायच्या. गंगम्माही हसायची. चन्नबसप्पा हसल्यासारखं करायचे आणि पान आणायला बाहेर जायचे.

हा उखाणा आपल्या थोरल्या बहिणीनं, उमाबाईनंच, गंगम्माला शिकवला असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. उमाक्काची अक्कल तेवढीच. लग्नाच्या दिवशीचं त्यांना स्वतःला फारसं आठवत नसे. एकविसाव्या वर्षी माणूस बाशिंगाखालून काय बघणार? नवा बूट टाचेला चावत होता, हे मात्र स्वच्छ आठवायचं.

यंदा चन्नबसप्पांना एकसष्टावं लागलं. सून वर्षाराणी लातूरला शाळेत शिकवते, तिला कार्यक्रमांची हौस. तिनं मार्गशीर्षातला एक रविवार धरून एकसष्टी ठरवली. स्वामींना बोलवायचं, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर करायची, आणि दुपारी सगळ्यांसमोर सासूनं सासऱ्याचं नाव घ्यायचं. ते ऐकल्यापासून चन्नबसप्पांच्या मनानं एकच घेतलं. आयुष्यात एकदा तरी आपल्या वाट्याचा ताजा उखाणा मिळावा. साठी उलटल्यावर माणसानं आणखी काय मागायचं?

दोन दिवस आडून आडून सुचवून झालं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नाही असं बघून ते सरळ आत गेले.

"गंगे, एक काम होतं."

"चा ठेवू?"

"चा न्हाई. उखाणं. औंदा माझ्यासाठी एक नवं कर की."

गंगम्मानं वर बघितलं.

"यमकं मी काढून ठेवल्यात," चन्नबसप्पांनी खिशातून बिलाचा कागद काढला. "गप्पा, टप्पा, कप्पा, ठप्पा. लई सोपं नाव हाय माझं. नुसतं जोडायचं तेवढं."

"बघू," ती म्हणाली आणि डाळीत बघू लागली.

गंगम्माचं 'बघू' म्हणजे नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

मग चन्नबसप्पांनी ठरवलं की आपणच एक करावा, तिला दाखवावा, म्हणजे ती लाजून तरी हात लावेल. कविता करायची तर निसर्ग लागतो, अशी त्यांची समजूत. दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडून ते गावाबाहेर तळ्यावर गेले. पाण्यात एक बगळा उभा होता. चन्नबसप्पा बगळ्याकडे बघत बसले. बगळा पाण्याकडे बघत बसला. तासाभरानं बगळ्यानं मासा धरला आणि उडून गेला. यांच्या हाती काहीच आलं नव्हतं. धोतराला कुसळं मात्र भरपूर लागली. ती काढत गंगम्मा म्हणाली, "तळ्यावर कशाला गेल्तात?" ते म्हणाले, "हवा खायाला." तिनं पुढं विचारलं नाही.

एकसष्टी झोकात झाली. स्वामी आले, पूजा झाली, विभूती लागली. मुलगा रविकिरण वाढायला कमरेला टॉवेल बांधून फिरत होता. हुग्गीवर तुपाची धार पडत होती. पंगती उठल्यावर वर्षाराणीनं सासू-सासऱ्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि टाळ्या वाजवून म्हणाली, "आता आमच्या अम्मा नाव घेतील. ज्यांनी अख्ख्या तालुक्याला उखाणे दिले, त्यांचा स्वतःचा ऐकू या!"

चन्नबसप्पांनी टोपी सारखी केली. गंगम्मानं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात असं काही होतं की त्यांना वाटलं, केला हिनं. माझ्यासाठी केला.

"लिंबावर बसला कावळा," गंगम्मा म्हणाली.

पुढचं ऐकूच आलं नाही, एवढा हशा झाला. चन्नबसप्पाही हसले. पाहुण्यांना हात जोडले आणि पान आणतो म्हणून बाहेर पडले ते थेट दुकानात गेले. अर्धं शटर वर करून आत शिरले आणि गंगम्माच्या पाटावर जाऊन बसले. त्यांना रडू येत नव्हतं, पण येईल की काय असं वाटत होतं. साठी उलटलेल्या माणसानं कावळ्यापायी रडावं हे त्यांना स्वतःलाच पटेना.

थोड्या वेळानं शटरखालून वाकत उमाबाई आत आली. पासष्टीची बाई, गुडघे धरून, हातात पानाचा विडा घेऊन.

"अप्पा, पान घरातच हाय आन् तू बाजारात काय शोधायलास?"

चाळीस वर्षांचं साचलेलं चन्नबसप्पांच्या तोंडून बाहेर आलं. "उमाक्का, तुला दुसरं काही सुचलं न्हाई का गं त्या दिवशी? कावळाच सापडला तुला तिला शिकवायला?"

उमाबाई बघतच राहिली. "मी? मी कशाला शिकवू? मी तर दार अडवून उभी होते. तिचा पदर माझ्याच हातात होता. नाव घे म्हणलं तर पोरगी नुसती थरथरायली. तिला मराठी कुठं येत होतं! आन् मग एकदम धडाधडा म्हणली. आमी समदे चाट पडलो."

"मग शिकवलं कुणी?"

"तिलाच इचार," उमाबाई म्हणाली आणि मागं बघितलं.

शटरपाशी गंगम्मा उभी होती. उमाबाईनं विडा परातीत ठेवला आणि गुडघे धरत निघून गेली. गंगम्मा आत आली, पण पाटावर नवरा बसलेला, म्हणून एका पालथ्या घागरीवर टेकली.

"तुमीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"उखाणं. तुमी माझ्या मागं उभे व्हता. आतून सगळे हसत व्हते, मला एक शब्द कळत नव्हता. मला वाटलं, हितंच मरते आता. तुमी वाकून कानात सांगितलं, एकेक शब्द. मी तसाच म्हणत गेले. अंगणात लिंब व्हता, त्यावर कावळा व्हता, खाली पाण्याची घागर ठेवलेली. जे दिसलं ते तुमी घातलं. मला अर्थ ठाऊक नव्हता. तीन दिवसांनी कळलं, कावळा म्हंजे आमच्या कानडीत कागे. लई हसले मी, एकटीच."

चन्नबसप्पा तोंड उघडं ठेवून ऐकत होते. आता त्यांना टाचेला चावणाऱ्या बुटाच्या पलीकडचं थोडं थोडं दिसू लागलं. बहिणीच्या मुठीतला हिरवा पदर. आणि तो ज्या खांद्यावरून आला होता, तो लटलट कापणारा खांदा.

"मग सांगितलं का न्हाईस कधी?"

"तुमीच म्हणला व्हतात की, मोडक्या कानडीत. मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नको."

"अगं, मला सांगायला काय झालं होतं?"

"कुणाला म्हंजे कुणालाच," गंगम्मा म्हणाली. मग डाळ समोर नसल्यामुळे स्वतःच्याच पदरावरची न दिसणारी कुसळं काढू लागली. "मला उखाणं करता येतं ते तिथूनच आलं. डोळ्यापुढं हाय ते उचलायचं. आन् नवं कशाला करू? एका नवरीला एकच. बाकीच्यांना मी देते. मला माझं मिळालेलं हाय."

चन्नबसप्पांचे डोळे भरून आले आणि या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत. खिशात यमकांचा कागद होता, तो त्यांनी चुरगाळून टाकला. मग उठले, "ऊठ जरा," म्हणाले, तिच्या खालची घागर घेतली, फडक्यानं पुसली आणि मशीन सुरू केलं. लिंबावर बसला कावळा. टर्रर्र. खाली ठेवली घागर. टर्रर्र. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं टाकलेला हात, पण अक्षर थोडं वाकडं येत होतं. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला ते थांबले.

"गंगे, घागर आन् पदर. यमक बसत न्हाई गं. बदलू का?"

"न्हाई बसत," गंगम्मा म्हणाली. "पण दार उघडलं की."