माळावर चुन्याच्या रेघा

कुंभारीला आमचा थोडा माळ आहे. त्यावर आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चार गाई चरतात. मी जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो आणि रविवारी स्कूटरवरून जाऊन शेतकरी होतो. यंदा दिवाळीतच माळावरचं गवत खुरटलं. असंच राहिलं तर गाई विकाव्या लागतील, असं आप्पा एकदाच बोलले. तेव्हापासून ते नीट जेवत नाहीत, असं आईनं फोनवर सांगितलं.

मग माझ्यातला उंटावरचा शहाणा जागा झाला. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी माळाचे तुकडे पाडायचं ठरवलं. गाईंनी रोज सगळा माळ तुडवायचा नाही. आधी एका तुकड्यात चरायचं, मग पुढच्यात. तोवर मागचं गवत पुन्हा वर येईल. रंगीत पेनांनी नकाशा काढून बायकोला दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. आधी सिलेंडर लावा."

रविवारी मी माळावर चुन्याची फक्की टाकून सरळ रेघा मारल्या, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना लाल चिंध्या बांधल्या. इतकं देखणं काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. मी लांबून फोटोही काढला.

आता, शहराला लागून असलेल्या आमच्या गावात माळावर चुना पडला की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: मालकानं जमीन घरांच्या प्लॉटसाठी विकायला काढली. मला तेवढं सुचलं नाही. पुढच्या रविवारी गेलो तर एक जोडपं कडेच्या तुकड्यात उभं राहून दार कुठं येईल ते ठरवत होतं. "कॉर्नरचा आमाला द्या की," बाई म्हणाल्या. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती.

आप्पा गोठ्यात बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "इकायचं हुतं तर मला आदी सांगायचं की."

माझं धाबं दणाणलं. तिथंच नकाशा उलगडून मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा निवळला तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. नकाशावरून बोट फिरवत ते म्हणाले, "लई ब्येस. पन मी गेल्यावर गाई हितनं तितं कोन हलवनार?"

"मी की, आप्पा."

त्यांनी एका गाईचं दावं माझ्या हातात दिलं. मी ओढलं, चुचकारलं, पुन्हा ओढलं. गाय आप्पांकडं बघत राहिली, जागची हलली नाही. आप्पा हसायला लागले. मला मात्र हसू येईना. ती मला ओळखतच नव्हती.