तळातल्या क्लबचा स्कार्फ

अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या ऑफिसात माझ्या शेजारी एक स्कॉटिश इंजिनिअर बसायचा. त्याच्या छोट्याशा गावाचा क्लब स्कॉटलंडच्या सगळ्यात खालच्या फुटबॉल लीगमध्ये खेळायचा, आणि २००८ च्या त्या सीझनमध्ये तिथेही तळाला होता. तरी दर सोमवारी हा पठ्ठ्या छाती फुगवून सांगायचा, "परवा पुन्हा हरलो!" मला त्याची कीव यायची.

सीझन संपला त्या शनिवारी तो आमच्याकडे जेवायला आला. क्लब शेवटून पहिला आला होता, तरी गळ्यात क्लबचा स्कार्फ होताच. त्यावर विणलेलं गावाचं नाव त्याने बोट ठेवून माझ्या बाबांना वाचून दाखवलं. बाबा नुकतेच करमाळ्याहून आले होते. तिथेच त्यांनी जन्मभर किराणा दुकान चालवलं आणि मला शिकवलं.

"आणि तुझं गाव कुठलं?" त्याने मला विचारलं.

इथल्या मराठी लोकांत 'करमाळा म्हणजे नेमकं कुठे?' हे ऐकायचा मला वैताग आला होता. सवयीचं उत्तर तोंडातून निघून गेलं, "पुणे."

वरणभात कालवणारा बाबांचा हात थांबला. तेवढं इंग्रजी त्यांना कळत होतं. मग त्याच्याकडे बघून हसत ते म्हणाले, "येस, पुणे."